पावसात ग्वाल्हेर बघा की एकदा!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पर्यटन पुरवणीत मध्यंतरी उत्तरेकडच्या रोड ट्रिपवर एक लेख आला होता, आमच्या घरात सगळ्यांनी वाचला, चांगलाच होता, टायरचं प्रेशर, फास्टॅगचा बॅलन्स, ढाब्यावर काय खावं काय नको, सगळं त्यात होतं. फक्त एका वाक्यापाशी माझं घोडं अडलं. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेला जाऊच नका, पावसात काही बघून होत नाही, दिवस हॉटेलात फुकट जातो, असं ठोकून दिलंय. हे हिमाचल-उत्तराखंडबद्दल असेल तर शंभर टक्के मान्य, तिथे दरडी कोसळतात, २०२३ च्या जुलैत बियासने कुलू-मनालीचा रस्ता कसा खाल्ला ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. पण उत्तर म्हणजे नुसता हिमालय आहे का हो? मधे अख्खं माळवा पडलंय, बुंदेलखंड पडलंय, ग्वाल्हेर आहे, आणि ग्वाल्हेर तर आपल्या घरचंच म्हणायचं. तिथे पावसात दिवस फुकट जातो हे मला अजिबात पटलेलं नाही, म्हणून हे पत्र.

मी पाटबंधारे खात्यात नोकरी केलेला माणूस, आता रिटायर. मुलगा-सून, आम्ही दोघं आणि नातू असे पुण्याहून गाडीने मनालीला निघालो होतो, जुना मुंबई-आग्रा रोड धरून, म्हणजे धुळे, सेंधवा, इंदूर, ब्यावरा, गुना, शिवपुरी असं. इंदूरला पोहे-जिलेबी, शिवपुरीला तात्या टोपेंच्या स्मारकापाशी पाच मिनिटं (१८ एप्रिल १८५९ ला त्यांना तिथेच फाशी दिलं, आपल्यातल्या बऱ्याच जणांना ही जागा माहीतच नसते, बायपासने सुसाट पुढे), आणि ग्वाल्हेरला मुक्काम. रात्रीच बातमी आली की मंडीच्या पुढे रस्ता बंद. सकाळी उठून बघतो तर इथेही आभाळ फाटलेलं. हॉटेलातला पोरगा म्हणाला, अंकलजी आज तो कुछ नहीं हो पाएगा, आराम कीजिए. मुलगा पण मोबाईलवर नेटफ्लिक्स लावायच्या तयारीत. मी म्हटलं, अरे आपण राजमाचीला, तोरण्याला पावसातच जातो ना, मग इथला किल्ला काय साखरेचा आहे?

आणि खरं सांगतो, तो किल्ला बघावा तर पावसातच. डिसेंबरात जे लोक आग्र्याच्या पॅकेजमध्ये अर्धा दिवस ग्वाल्हेर करतात त्यांना राजवाडे दिसतात, फोटो मिळतात, पण किल्ला कशावर जगला ते काही कळत नाही. तो जगला पाण्यावर. १२३२ मध्ये दिल्लीच्या सुलतान अल्तमशने वेढा घातला तेव्हा हा किल्ला अकरा महिने लढला. वर डोंगरावर एवढी माणसं, घोडी, हत्ती, आणि खालून एक घागर वर यायची सोय नाही, तर अकरा महिने कसे निघाले असतील? त्याचं उत्तर वर तळ्यांमध्ये आहे. सूरजकुंड, जोहरकुंड, अस्सी खंबा की बावडी, अशी किती तरी. त्या वेढ्याच्या शेवटी राजघराण्यातल्या बायकांनी जिथे जोहार केला ते जोहरकुंड. सूरजकुंडाची गोष्ट तर किल्ल्याच्या नावाचीच गोष्ट आहे, सूरजसेन नावाच्या राजाला कुष्ठरोग होता, ग्वालिपा नावाच्या साधूने कुंडाचं पाणी दिलं आणि तो बरा झाला, म्हणून साधूचं नाव गावाला. गोष्ट खरी-खोटी देव जाणे, पण गाव वसलं ते पाण्यापाशी एवढं तर त्यातून नक्की कळतं.

आम्ही गाडी उरवाई दरवाज्याने वर नेली, कारण पश्चिमेकडून तिथूनच गाडी जाते. त्या रस्त्याला कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत, पंधराव्या शतकात तोमर राजांच्या काळात कोरलेल्या, सगळ्यात मोठी तर पन्नास फुटांहून उंच. बाबराच्या हुकमाने त्यांचे चेहरे फोडले, काही चेहरे नंतर जैन लोकांनी पुन्हा बसवले. कोरड्या दिवसात हा दगड पिवळट, धुळकट दिसतो असं तिथला चहावाला म्हणाला. आम्ही बघितला तेव्हा मध घातल्यासारखा भिजलेला होता आणि कड्यावरून पाण्याच्या धारा मूर्तीच्या खांद्यावर पडून हाताच्या कोपरावरून खाली येत होत्या. नातू गाडीच्या काचेला नाक लावून बसलेला, म्हणे आजोबा, यांना थंडी नाही वाजत का. छत्री घेऊन रस्त्यावर उभे राहिलो आम्ही तिघं, सौ. मात्र गाडीतच, तिचे गुडघे.

वर मानमंदिर. मानसिंह तोमर १४८६ ते १५१६ राजा होता, त्याचा हा महाल. भिंतीवर निळ्या-पिवळ्या रंगाच्या फरशा, त्यात हत्ती, मगरी, केळीची झाडं आणि बदकांची एक लांबच लांब रांग. पावसाने धुऊन निघालेली ती निळाई मी कुठल्याच कॅलेंडरवर बघितलेली नाही, आणि बदकं तर पावसातच शोभणार ना. तळघरात शिपायाने टॉर्च धरला. औरंगजेबाने सख्ख्या भावाला, मुरादबक्षला, याच किल्ल्यात कोंडलं आणि १६६१ मध्ये मारवलं. तळघरात हवा यायला भिंतीतून झरोके काढलेत, पावसात त्यातून गार वारा येत होता, मी हात लावून बघितलं, माझ्या आधी बऱ्याच जणांनी लावला असणार कारण दगड तिथे गुळगुळीत झालाय.

पण माझा जीव अडकला तो अस्सी खंब्याच्या बावडीत. मानमंदिराच्या जवळच आहे, लोक वरून डोकावतात आणि पुढे जातात. गोल विहीर, आत खांबांच्या रांगा, आणि पाऊस चालू असेल तर वरून येणारं पाणी खांबांवरून, पायऱ्यांवरून असं आवाज करत खाली जातं की बोललेलं ऐकू येत नाही. आमच्या खात्यात रेन वॉटर हार्वेस्टिंगची किती पोस्टरं छापली, किती वर्कशॉप झाली, चहा-बिस्किटं झाली. इथे पाचशे वर्षांपूर्वीच्या आणि त्याआधीच्या लोकांनी डोंगरमाथ्याचा उतार बघून तळी खोदली, वरच्या तळ्याचं जास्तीचं पाणी खाली कुठे जाईल त्याचा विचार केला, आणि तो विचार फक्त पाऊस पडत असतानाच डोळ्याला दिसतो. पाणी कुठून येतंय, कुठे वळतंय, कुठे तुंबतंय. तुंबतंय ते आता आपल्यामुळे, चिप्सची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या, हे काय तिथलंच नाही, आपल्या गडांवरच्या टाक्यांत पण हेच.

आता गाइडचा किस्सा. जो मिळाला तो आम्हाला पळवतच होता, सर जल्दी, बारिश है, आगे चलिए, आणि प्रत्येक दगडापाशी इधर फोटो लीजिए. मी त्याला विचारलं, ह्या तळ्याचं पाणी भरलं की सांडवा कुठे? तो माझ्याकडे बघतच राहिला. मग एका म्हाताऱ्या शिपायाने दाखवलं, बिडी विझवून, अगदी हौसेने, त्याला बहुतेक कुणी विचारलंच नव्हतं कधी.

तिथेच तटावर उभं असताना दुसरी एक गोष्ट आठवली, ती आपल्या लोकांना झोंबणारी आहे. १७८० मध्ये हा किल्ला मराठ्यांच्या ताब्यात होता आणि इंग्रजांच्या पॉपहॅमने तो एका रात्रीत घेतला, महिना ऑगस्टचा. लाकडी शिड्या, दोरांच्या शिड्या, आणि शिपायांना कापूस भरलेले जोडे दिले होते, पाय घसरू नये आणि आवाज होऊ नये म्हणून. तो कडा ओला कसा असतो, त्यावर पाय कसा सरकतो हे मी त्या दिवशी चपलेतून अनुभवलं, आणि वरच्या पहारेकऱ्यांना का वाटलं असेल की अशा दिवसांत इथून कोण येतंय, ते पण लक्षात आलं. एसी गाडीतून डिसेंबरात उतरलेल्या माणसाला हे कितीही सांगा, कळणार नाही.

दुपारी जेवण कुठे म्हणाल तर किल्ल्यावरच्या गुरुद्वारात, दाता बंदी छोड. शीखांचे सहावे गुरू हरगोविंद यांना जहांगिराने इथे कैदेत ठेवलं होतं, सुटताना त्यांनी सोबतच्या ५२ राजांनाही सोडवलं, झग्याला ५२ गोंडे लावले आणि एकेका राजाने एकेक धरला अशी कथा आहे. भिजून चिंब झालेल्या आम्हाला कुणी काही विचारलं नाही, डोक्यावर रुमाल बांधायला दिला, पंगतीत बसवलं, गरम डाळ, रोटी, खीर. सौ. म्हणाली, अहो मनालीला नाही नेलंत तरी चालेल.

मग उतरताना मी आणि सूनबाई पूर्वेकडच्या वाटेने चालत निघालो, बाकीचे गाडीने खाली. ही दगडी वाट उताराची, पावसात पाणी घोट्यापर्यंत वाहत होतं, कठड्याला धरून चालावं लागतं, वयस्कर माणसांनी उगाच साहस करू नये (मी केलं, सुनेने दोनदा दंड धरला, बाबा जरा हळू). या वाटेवर चतुर्भुज मंदिर आहे, एका दगडात कोरलेलं, आपल्या देवळीएवढं, सहज चुकेल असं. आत भिंतीवर शिलालेख, संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६. त्यात एका बागेचं माप दिलंय, २७० हात लांब आणि १८७ हात रुंद, आणि त्या बागेतून देवाला रोज फुलांच्या ५० माळा द्यायच्या असं लिहिलंय. २७० मधलं आणि ५० मधलं ते शून्य, बारीकसं, गोल, बाकीच्या अंकांपेक्षा छोटं. मोबाईलचा टॉर्च तिरका धरला तेव्हा नीट दिसलं. जुन्यात जुन्या कोरलेल्या शून्यांपैकी एक म्हणून जगभरचे गणितवाले ते बघायला येतात, पण मला जास्त आवडली ती बाग. कुणी तरी देवाला बाग लावून दिली, मापं लिहून ठेवली, माळांचा हिशोब ठेवला. मापाचा हिशोब दगडावर कोरून ठेवणारी माणसं आमच्या खात्यात असती तर निम्म्या चौकश्या झाल्या नसत्या.

पायथ्याला गुजरी महाल. मानसिंहाने मृगनयनीसाठी बांधला. ती राई गावची, आणि दंतकथा अशी की तिने लग्नाला अट घातली, माझ्या गावच्या नदीचं पाणी मला महालात हवं, मग राजाने तिथून पाणी आणवलं. ती नदी म्हणजे सांक. आता बघा गंमत. याच सांक नदीवर ग्वाल्हेरपासून वीसेक किलोमीटरवर तिघरा धरण आहे, आजही ग्वाल्हेर त्याचं पाणी पितं, आणि या धरणाशी विश्वेश्वरय्यांचं नाव जोडलेलं आहे. विश्वेश्वरय्या आपल्याकडे मुंबई इलाख्याच्या नोकरीत होते, त्यांनी पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारी दारं तयार केली आणि ती पहिल्यांदा बसवली आपल्या खडकवासल्याला, मग तिघऱ्याला. आम्ही लोक सिंहगडावर जाताना खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खातो, पण ही दारांची गोष्ट त्या चौपाटीवर किती जणांना माहितीये? तिघरा १९१६ साली बांधून झालं आणि पुढच्याच पावसाळ्यात फुटलं, पायातल्या वालुकाश्मातून पाणी झिरपलं, खाली फार माणसं गेली. नंतर पुन्हा बांधलं. म्हणजे मृगनयनीच्या अटीपासून आजच्या नळापर्यंत त्या गावाची सगळी कहाणी एका नदीची आहे, आणि ही कहाणी पावसाळ्यातच पाण्याने भरलेली दिसते. आम्ही गेलो तेव्हा दारं उघडली नव्हती, नातू हिरमुसला, पण तळं भरत आलेलं होतं आणि भिंतीपाशी भुट्टेवाले दोन्ही बाजूंनी.

या सगळ्याच्या उलट शहरातली स्वर्णरेखा. झाशीच्या राणीची समाधी फुलबागेत आहे, घोड्यावरचा पुतळा, आम्ही पावसात तिथेही उभे राहिलो. १८५८ च्या जूनमध्ये कोटा की सराय इथली लढाई, राणी जखमी, नवा घोडा नाल्यापाशी अडला आणि उडी मारेना, ही गोष्ट आपल्याकडे प्रत्येक आजीने सांगितलेली असते. तो नाला म्हणजे ही स्वर्णरेखा असं तिथे सांगतात. आज ती बघवत नाही. दोन्ही काठांना काँक्रीट, तळाला काँक्रीट, गटाराचं पाणी, आणि डोक्यावर पुलाचे खांब. नदीच्या तळाला काँक्रीट घातलं की पाणी जमिनीत मुरणार कुठून, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. पुण्यात आपण मुठेच्या काठाशी जे चालवलंय ते बघता ग्वाल्हेरवाल्यांना नावं ठेवायचा आपल्याला काडीचा अधिकार नाही, तरी वाईट वाटायचं ते वाटलंच.

संध्याकाळी हजीऱ्याला, तानसेनची समाधी. पावसात तानसेन म्हटलं की मियाँ मल्हार सगळ्यांनाच सुचतो, सूनबाईने मोबाईलवर लावला पण, तिथल्या माणसाने हात जोडून आवाज कमी करायला सांगितला, बरोबर केलं. समाधी तशी साधी, शेजारचं चिंचेचं झाड, त्याची पानं खाल्ली की गळा गोड होतो म्हणतात, आमच्या सगळ्यांनी एकेक तोंडात टाकलं, आंबट. खरी बघायची ती बाजूची सूफी संत मोहम्मद घौस यांची कबर, मोठी, चारी बाजूंनी दगडाच्या जाळ्या. बाहेर मुसळधार, आम्ही आत बसलेलो, आणि आत फक्त बारीक तुषार. वर छज्जा एवढा पुढे काढलाय की धार जाळीवर येतच नाही, वारा मात्र येतो. प्रत्येक जाळीचं नक्षीकाम वेगळं, नातू मोजत होता, सतरापर्यंत गेला आणि कंटाळला. पाऊस नसता तर आम्ही पाच मिनिटांत बाहेर पडलो असतो, इथे तासभर बसलो, आणि सौ.ला इतके दिवसांनी गाण्यावर बोलायचा मूड आला. ती मिरजेची. तिच्या माहेरी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचं नाव घेतलं की कानाला हात लावतात. बुवा ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि ती गायकी महाराष्ट्रात घेऊन आले, मिरजेत त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले, त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. आज गल्लोगल्ली मुलं संगीताच्या ज्या परीक्षा देतात त्याचं मूळ या गावात आहे, आणि आपण या गावात चहाला पण थांबत नाही. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून मान्यता दिली, तेव्हा आपल्याकडे बातमी आली असेल कुठे तरी कोपऱ्यात.

आता मुद्द्याचं. पावसात आपली माणसं जातात कुठे? लोणावळा, ताम्हिणी, माळशेज. २०२४ च्या जूनमध्ये भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, सगळ्यांनी व्हिडिओ बघितला, हळहळले, आणि पुढच्या रविवारी परत तिथेच. मी नोकरीत असताना असे प्रसंग जवळून बघितलेत, पाणी दहा मिनिटांत कसं वाढतं ते लोकांना सांगून पटत नाही. मग ज्यांच्याकडे चार-पाच दिवस आहेत, गाडी आहे, त्यांना तुम्ही सांगा ना की पावसाळ्यात उत्तरेला जा, पण डोंगरात नको, पठारावर जा. ग्वाल्हेरला वर्षाचा सगळा मिळून पाऊस ऐंशी-नव्वद सेंटिमीटर, पुणे शहरापेक्षा थोडाच जास्त, त्यातला बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये. पडतो तेव्हा दणकून पडतो, मग दोन दिवस उघडीप. मे महिन्यात तिथे पंचेचाळीस डिग्रीत लोक किल्ला चढतात आणि चक्कर येऊन पडतात, त्यापेक्षा हे काय वाईट? हॉटेलं स्वस्त, गर्दी नाही, आणि जे बघायला मिळतं ते इतर वेळी नाहीच मिळत.

अर्थात त्रास आहेत, नाही कशाला म्हणू. किल्ल्यावर आडोसा नाही, एका देवळातून दुसऱ्या देवळात जायचं तर भिजायचंच. छत्रीचा वाऱ्यात उपयोग नाही, रेनकोट हवा. चपला-सँडल घालू नका, बूट घाला, खाली ग्रिप असलेले. मुरैनाच्या पुढे चंबळचा पूल ओलांडायचा असेल तर आधी चौकशी करून निघा, नदी चढली की ट्रॅफिक तुंबतं. आणि शहरातल्या रस्त्यांत पाणी साचतं, खड्डे दिसत नाहीत, आमच्या गाडीचं एक टायर गेलंच, पंक्चरवाल्याने दोनशे रुपये जास्त लावले, चालायचंच.

तेव्हा विनंती एवढीच की पुरवणीतल्या पुढच्या अंकात त्या वाक्याची दुरुस्ती छापा, किंवा लेखकाला म्हणावं एकदा ऑगस्टात गाडी काढा. लेख छापलातच तर एक ओळ ठळक टाइपात टाका, गुजरी महालातलं म्युझियम सोमवारी बंद असतं. आम्हाला तिथली शालभंजिकेची, म्हणजे झाडाजवळ उभ्या स्त्रीची, प्रसिद्ध मूर्ती त्याच कारणाने बघायला मिळाली नाही.

आपला,
एक रिटायर्ड पाटबंधारेवाला, पुणे
(नाव छापू नये)